ए. बी. रोड कसा पाहावा: नवशिक्यांसाठी सूचना

लग्नाला म्हणून इंदूरला आलेली पुण्या-नाशकाकडची मंडळी दुसऱ्या दिवशी हमखास विचारतात, "इथून एका दिवसात काय पाहून होईल?" उत्तर ठरलेलं असतं: मांडू, महेश्वर, नाहीतर ओंकारेश्वर. मग मोठी गाडी ठरते, चिवड्याची पिशवी पुढच्या सीटखाली जाते आणि राऊ यायच्या आत मागच्या सीटवरचे सगळे झोपतात. ठिकाण आलं की उठव, असा चालकाला हुकूम असतो. ज्या मुलखातून चढून मराठी माणूस माळव्यात आला, तो मुलूख त्याचे नातलग अशा रीतीने डोळे मिटून पार करतात.

ही सूचनावली त्यांच्यासाठी आहे. सहल एका दिवसाची. सुरुवात देवासला, शेवट निसरपूरला आणि मध्ये बराचसा आग्रा-मुंबई (आग्रा-बॉम्बे, म्हणून ए. बी.) रस्ता. निसरपूर कुठे आहे हे ठाऊक नसेल तर पुढे वाचा. ठाऊक असेल तर तुम्ही नवशिके नाही, तुम्ही निवांत चहा घ्या.

तयारी

गाडी कोणतीही चालेल. सोबत पाणी, सुटे पैसे आणि अनोळखी माणसाला थांबवून रस्ता विचारायला न लाजणारी एक व्यक्ती घ्या. ही तिसरी सोय बहुतेक घरांत मावशीच्या रूपाने असते. काका विचारत नाहीत. काकांना रस्ता माहीत असतो.

फोनमधला नकाशा चालू ठेवायला हरकत नाही. खलघाटापर्यंत तो बरोबर सांगतो. पुढचं पुढे.

रस्त्याचं नाव

काका गाडीत बसल्या बसल्या सांगतील की हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 3. होता. 2010 साली देशभरच्या महामार्गांचे क्रमांक बदलले. आता 3 नंबरचा रस्ता अटारीहून निघून मनालीमार्गे लेहला जातो, तेव्हा काकांच्या भरवशावर निघालात तर स्वेटर लागतील. देवासवरून इंदूर, सेंधवा, धुळे असा उतरणारा रस्ता आता 52 नंबरचा आहे. तो पुढे छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर करत थेट कर्नाटकात अंकोल्याच्या समुद्रापर्यंत जातो. ट्रकवाल्यांना यातलं काही सांगायला जाऊ नका. त्यांच्या लेखी हा ए. बी. रोड आहे, होता आणि राहील.

इंदूर शहरातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यालाही ए. बी. रोडच म्हणतात. "ए. बी. रोडवर उभा आहे, ये," असं कोणी फोनवर म्हणाला तर तो विजयनगरला असू शकतो, राजेंद्रनगरला असू शकतो, आणि तत्त्वतः ग्वाल्हेरलाही.

दगड वाचणे

रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड (आता किलोमीटरचा) ही नवशिक्याने ओळखायची पहिली खूण. त्याचं अंग पांढरं असतं, डोकं रंगीत. पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्य महामार्ग, काळं किंवा निळं म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी म्हणजे गावात शिरणारी सडक. चौपदरी रस्त्यावर हे दगड लोखंडी कठड्यामागे, बेशरमीच्या झुडपांत दडलेले असतात. शोधायला लागतात. गाडीत मुलं असतील तर हे काम त्यांना द्या. अर्ध्या तासात ती कंटाळतील आणि काका ते काम हातात घेतील. त्यामुळे काका रस्ता सांगायचे थांबतात, हा त्याचा मुख्य फायदा.

आजच्या सहलीत डोक्यांचा रंग पिवळ्यावरून हिरव्यावर आणि पुढे आणखी खाली उतरत जाईल. घाबरू नका, तुम्ही बरोबर चालला आहात.

देवास

आधी टेकडी, मग पोहे. उलट केल्यास पायऱ्या चढवत नाहीत. (रोपवे आहे, पण त्याचा उल्लेख मावशीसमोर करू नये. मग कोणीच चढत नाही.)

टेकडीवर दोन देवी आहेत: मोठी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा. खाली संस्थानंही दोनच होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांच्या दोन गाद्या, गाव मात्र एकच. एकाच बाजारात दोन राजांचा अंमल, दोन दरबार, दोन दसरे. 1948 साली दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली तेव्हा कुठे हे संपलं. भाऊबंदकी इतक्या शिस्तीत आणि इतकी वर्षं मराठी मुलखात दुसरीकडे चालल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार 1921 साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी सचिव म्हणून इथे राहिला. या सगळ्या कारभाराने तो आधी चक्रावला आणि मग त्याच्या प्रेमात पडला. त्या दिवसांवरचं त्याचं पुस्तक 1953 साली आलं, 'द हिल ऑफ देवी'. ती टेकडी हीच.

टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर आहे, भानुकुल. क्षयाने आजारी असलेला हा तरुण गवई 1948 साली कोरड्या हवेसाठी देवासला आला आणि जानेवारी 1992 मध्ये जग सोडलं तेही इथेच. पाटी शोधत बसू नका, कोणालाही विचारा. मावशीचा आजचा पहिला सराव इथे होतो.

देवासची तिसरी खूण म्हणजे नोटा छापण्याचा सरकारी कारखाना. भिंत उंच, तारा वर, पहारा कडक. थांबू नका, फोटो काढू नका आणि "सुटे मिळतील का?" हा विनोद करू नका. तो पहारेकऱ्याने ऐकलेला आहे.

आता पोहे. माळव्यातले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, वर शेव, कच्चा कांदा आणि जिरावण नावाचा मसाला, शेजारी जिलबी. "खोबरं नाही का?" असं विचारू नये. यजमान काही बोलत नाही, पण दुसऱ्या प्लेटला शेव कमी पडते.

इंदूर

बायपास घ्या.

महू

गावाला सगळे महू म्हणतात. 2003 पासून त्याचं सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर आहे आणि रेल्वेच्या तिकिटावरही तेच येतं. चौपदरी रस्ता महूला बगल देतो, तुम्ही देऊ नका.

जानेवारी 1818 मध्ये होळकर आणि इंग्रज यांच्यात मंदसौरचा तह झाला आणि जॉन माल्कमने इथे छावणी टाकली. ती छावणी अजून छावणीच आहे. सरळ रस्ते, चुन्याने रंगवलेले झाडांचे बुंधे आणि फोटो काढू नये अशा पाट्या. या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत असत. रत्नागिरीकडच्या आंबडव्याचं हे घराणं नोकरीपायी इतक्या लांब आलं होतं आणि 14 एप्रिल 1891 रोजी त्यांच्या घरी भीमराव जन्मले. त्या जागी आता संगमरवरी घुमटाचं स्मारक आहे.

सहलीचा दिवस निवडताना एक लक्षात ठेवा. तो 14 एप्रिल असेल तर पुढच्या सगळ्या सूचना रद्द समजा. त्या दिवशी महाराष्ट्रातून गाड्यांमागून गाड्या येतात आणि महूच्या रस्त्यांवर इंदूरपेक्षा जास्त मराठी ऐकू येतं. स्टेशनापासून स्मारकापर्यंत लोकांबरोबर चालत जा, मिळेल तिथे पंगतीला बसा आणि रात्री परत फिरा. निसरपूर दुसऱ्या दिवशीही पाहता येईल.

घाट

या पाठाला वेळ द्या.

मानपूर सुटलं की माळव्याचं पठार संपतं. जवळच जानापावचा डोंगर आहे. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून तो ओळखला जातो आणि चंबळ नदी तिथे उगम पावते. ती उत्तरेला यमुनेकडे जाते. घाट उतरल्यावर मात्र भेटणारा प्रत्येक ओढा नर्मदेकडे, म्हणजे पश्चिमेच्या समुद्राकडे धावतो. रस्त्याच्या कडेला बाटलीतलं उरलेलं पाणी ओतताना ते कोणत्या समुद्राला जाईल याचा विचार करण्याची सोय देणारी जागा फार ठिकाणी मिळत नाही.

घाटात भेरूबाबाचं ठाणं आहे आणि त्यावरून घाटाला भेरूघाट म्हणतात. इथे नवशिक्याचा गोंधळ उडतो, कारण इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला सिमरोलपुढेही एक भेरूघाट आहे. "भेरूघाटात ट्रक उलटलाय" अशी बातमी आली की आधी कोणता ते विचारावं. दोन्हीत उलटतात. शेंदूर फासलेला दगड, वर झेंडा, पुढे नारळाच्या करवंट्या. उतारावरचा चालक गाडी थांबवत नाही, पण एक हात कपाळाला जातोच. तुमच्या चालकाचा गेला तर त्याला त्यावर व्याख्यान देऊ नका. पुढची वळणं त्याला घ्यायची आहेत, तुम्हाला नाही.

भेरूनंतर गणपती. गुजरीच्या पुढच्या उताराला गणपती घाट म्हणतात, आणि धार-इंदूरच्या वर्तमानपत्रांत या घाटाचं नाव वर्षानुवर्षं एकाच प्रकारच्या बातमीत येत राहिलं: लांब उतारावर ब्रेक तापून निकामी झालेला ट्रक, समोरची गाडी, आग. अलीकडे घाटाला वळसा घालणारा नवा रस्ता काढला आहे. तरीही काच खाली करून बघा. ब्रेकच्या लायनरचा जळका, रबरी वास येतो. पहिल्या गिअरमध्ये रांगेने उतरणारे ट्रक, त्यांच्या मागे लटकवलेल्या चपला आणि लिंबू-मिरच्या, आणि सगळ्यांत पुढे एखादा कांद्याचा ट्रक, ज्याला कसलीही घाई नाही. त्याच्या मागे राहा. काका म्हणतील, "घे रे बाजूने." घेऊ नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलात तर मानपूर आणि मांडूच्या परिसरात सीताफळं मिळतील. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया आणि पोरं टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, सीताफळांची उतरंड रचून. फळ दाबून पाहू नका, डोळे पाहा. दोन डोळ्यांमधली रेघ रुंदावून पिवळसर-पांढरी झाली असेल तर दोन दिवसांत पिकेल. फटीत गुलाबी झाक असेल तर आजच खा. डोळे मिटलेले, हिरवेगार असतील तर ते पुण्यापर्यंत जाईल आणि तिथे तांदळाच्या डब्यात काळं पडेल. गाडीत बसून, काच अर्धी खाली करून भाव करू नये. उतरावं, टोपलीपाशी बसावं. भाव तसाही फारसा कमी होत नाही.

फळं खाताना एक उलटा अभ्यास करायचा आहे. तुम्ही जो डोंगर उतरता आहात, तो मराठ्यांच्या फौजा चढून गेल्या. आजचा डांबरी रस्ता नेमका त्यांच्याच पावलांवरून जातो असं नाही. मांडूच्या अंगाला वेगळे घाट आहेत आणि त्यांच्यातूनच बहुतेक ये-जा होई. पण डोंगर हाच आणि नदी हीच. नोव्हेंबर 1728 मध्ये चिमाजी आप्पांची फौज नर्मदा ओलांडून वर आली. माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर वाट अडवायला सज्ज होता, पण ज्या घाटाने मराठे येतील असं त्याला वाटलं त्या घाटाने ते आलेच नाहीत. 29 नोव्हेंबरला अमझेऱ्याजवळ लढाई झाली. गिरिधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर दोघेही पडले. उदाजी पवार आणि मल्हारराव होळकर या मोहिमेत होते. मग धारला पवार, देवासला पवार, इंदूरला होळकर, त्यांच्यामागून कारकून, भटजी, वैद्य, गवई, आचारी. इंदूरच्या ज्या आत्याकडे तुम्ही उतरला आहात, तिचं घर तिथे असण्याचं कारण ही चढण आहे. हे आत्याला सांगू नका, तिला ते माहीत आहे. तुम्हीच विचारलं नव्हतं.

खलघाट

घाट उतरलात की निमाड. हवा दोन-चार अंशांनी तापते, माती काळी होते, शेतांत कापूस, मिरची, केळी. धामनोदच्या अलीकडे करम नदी येते. ऑगस्ट 2022 मध्ये या नदीवरच्या अर्धवट बांधलेल्या धरणाला गळती लागली, खालची गावं रिकामी केली आणि हा महामार्गही बंद ठेवला. शेवटी बाजूने चर खणून पाणी काढून दिलं. पुलावरून खाली पाहिलंत तर नदी इतकी किरकोळ दिसते की हे खोटं वाटतं.

धामनोदला डावीकडे महेश्वरची पाटी लागते. इथे गाडीत बंड होतं. "इतक्या जवळ आलोय तर अहिल्याबाईंचा वाडा, साड्या..." साड्या हा शब्द उच्चारला गेला की सहल संपली. मन घट्ट करा. महेश्वर आपल्या जागी राहणार आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, आज पुन्हा लागेल.

खलघाटला नर्मदा. पूल ओलांडायचा नाही, अलीकडच्या काठावर उतरायचं. पुलाआधी इथे नावेचा उतार होता. जवळच्या अकबरपूरच्या उताराने मोगल, मराठे, व्यापारी सगळे नदी पार करत. पुलावर गाडी उभी करून फोटो काढू नये. 18 जुलै 2022 रोजी सकाळी इंदूरहून अमळनेरला निघालेली आपली एस.टी. या संजय सेतूचा कठडा तोडून नदीत गेली आणि त्यात माणसं गेली. खाली घाटावर जा, पाण्याला हात लावा.

काठावर पाठीला वळकटी, हातात काठी आणि कमंडलू अशी माणसं दिसतील. ते परिक्रमावासी. त्यांच्यात मराठी माणसं नेहमीच भरपूर. समोरून "नर्मदे हर" आलं की "नर्मदे हर" म्हणायचं, त्याहून जास्त काही येत नसलं तरी चालतं. ते कोणत्या गावचे हे विचारल्यास अर्धा तास जातो आणि बहुतेक वेळा एक समाईक ओळखीचा माणूस निघतो. वेळापत्रकात तेवढी जागा ठेवा.

पिवळं डोकं सोडा

आता महामार्ग सोडून उजवीकडे, नदीच्या उत्तर काठाने पश्चिमेला निघायचं: धरमपुरी, मनावर, कुक्षी. धरमपुरीला नर्मदेच्या मधोमध बेट आहे आणि त्यावर बिल्वामृतेश्वराचं देऊळ. रूपमती इथलीच, असं गावकरी सांगतात. मांडूचे गाइड दुसरं काही सांगतील. मावशीने दोघांचं ऐकून घ्यावं.

या टप्प्यातली खरी खूण ओळखायला अवघड आहे, कारण ती गोल दगडासारखी दिसते. कुक्षी-बाघकडचा हा टापू डायनासोरांच्या अंड्यांनी भरलेला आहे. जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात धार जिल्ह्यातली 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली आहेत. टायटॅनोसॉर जातीची, साडेसहा कोटी वर्षांहून जुनी. त्याच वर्षाच्या अखेरीस बातमी आली की पाडल्या गावचे लोक शेतात सापडलेले गोल दगड काकड भैरव म्हणून पूजत होते, शेताचं आणि गुरांचं राखण करणारा देव म्हणून. तज्ज्ञांनी पाहिलं तर ती टायटॅनोसॉरची अंडी. यावर शहरी माणसाला हसू येतं. पण इतकी वर्षं ती अंडी न फुटता जपली गेली ती कोणत्या संग्रहालयाने? नारळ फोडणाऱ्यांनीच जपली. तेव्हा या भागात शेंदराचा गोल दगड दिसला की दोनदा पाहा, आणि उचलून गाडीत टाकू नका. एक तर तो देव असेल, नाहीतर अंडं. दोन्ही घरी ठेवण्यासारखं नाही.

जेवण दाल-पानिये. मक्याच्या पिठाचा गोळा पानांमध्ये दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. पान जळून जातं, त्याच्या शिरा पानियावर उमटलेल्या राहतात. वर तूप, सोबत दाट डाळ. चमचा मागू नका. थंडीच्या दिवसांत रस्त्याकडेला ताडाची झाडं आणि त्यांना टांगलेली मडकी दिसतील. पहाटेची ताडी गोड असते आणि दुपारची नसते, एवढीच सूचना पुरे. चालकाला दोन्ही नको.

निसरपूर

कुक्षीवरून दक्षिणेला, नर्मदेच्या दिशेने. हा कुक्षी परगणा धारच्या पवारांचा. इथवर तुम्ही तीन गोष्टी शिकलात: पाटी वाचणे, दगड वाचणे, माणसाला विचारणे. निसरपूरला त्यातली एकच कामाला येते.

निसरपूर उरी-बाघनी नदीच्या काठचं मोठं बाजाराचं गाव. आसपासच्या आदिवासी वाड्या-पाड्यांची खरेदी-विक्री इथे चाले. थोडं पुढे नर्मदेवर कोटेश्वरचं तीर्थ. सप्टेंबर 2019 मध्ये गुजरातेतलं सरदार सरोवर पहिल्यांदा काठोकाठ, 138.68 मीटरपर्यंत भरलं, आणि त्याचं मागे फुगलेलं पाणी निसरपूरच्या बाजारात शिरलं. नेहरूंनी या धरणाची पायाभरणी केली 1961 साली, लवादाचा निवाडा आला 1979 साली. पाणी यायला वेळ होता, पण ते आलं. लोक शेवटपर्यंत हलले नाहीत, कारण अनेकांचा पुनर्वसनाचा हिशेब पुरा झालेला नव्हता. शेजारच्या चिखल्द्याला 2017 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मेधा पाटकर उपोषणाला बसल्या होत्या, त्या याच हिशेबासाठी. 2023 च्या सप्टेंबरात पाणी त्याहीवर चढलं आणि बुडिताच्या रेषेबाहेर म्हणून सांगितलेल्या घरांतही गेलं.

उंचावर नवं निसरपूर वसवलं आहे. घरटी साठ फूट बाय नव्वद फुटांचा भूखंड, आखलेले रस्ते. म्हणजे पाटी दिसेल ती नव्या निसरपूरची, आणि फोनमधल्या नकाशाच्या मागे गेलात तर रस्ता पाण्यात उतरू शकतो. मावशीला खाली उतरवा.

विचारायचं कसं, याला पद्धत आहे. "बुडालेलं गाव कुठे आहे?" असं विचारू नये. ज्याला विचाराल त्याचं घर तिथे असेल. "जुनं गाव" म्हणावं. मग माणूस हात करून दाखवतो: तिकडे बाजार, तिकडे शाळा, तिकडे आमचं दुकान. तो दाखवतो तिकडे पाणी असतं. तरी मान डोलवावी, आणि ऐकून घ्यावं, कारण तो अंदाजाने बोलत नाही. कोणाच्या दुकानाच्या शेजारी कोणाचं दुकान होतं, हे त्याला क्रमाने पाठ आहे. काकांना इथे काही सांगायचं असलं तर त्यांना गाडीत बसवून ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा, आणि "मोबदला किती मिळाला?" हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत काढू नका. शक्यतो नंतरही नको.

पुढे चिखल्द्याच्या दिशेने गेलात तर बडवानीकडे जाणारा जुना पूल पाणी चढलं की नाहीसा होतो. पलीकडे राजघाटावर गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थींची समाधी होती. 2017 मध्ये प्रशासनाने ती उचलून दुसरीकडे नेली. महेश्वर आपल्या जागी राहणार आहे असं धामनोदला म्हटलं होतं. ते महेश्वरपुरतंच होतं.

चहा नव्या निसरपूरच्या हॉटेलात घ्या, पैसे सुटे द्या. परतीला कुक्षी-मनावरवरून धारचा रस्ता धरा आणि चारच्या आत निघा. अंधारात बिनदिव्यांचे ट्रॅक्टर आणि कापसाच्या गाड्या दिसत नाहीत.

शेवटची सूचना महिन्याबद्दल. ऑक्टोबरात आलात तर घाटात सीताफळं मिळतील, पण निसरपूरला नुसतं पाणी दिसेल. जुनं गाव पाहायचं असेल तर धरणातलं पाणी उतरल्यावर, मे महिन्यात यावं लागतं. तेव्हा भिंती आणि जोती वर आलेली असतात. दोन्ही एका सहलीत होत नाही.